अदिस अबाबात नवे आहात? बेयाइनेतु मागवण्यापासून घरी करण्यापर्यंत

नोकरीसाठी, शिकवण्यासाठी किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, आलेल्या मराठी माणसाचे पहिले काही आठवडे बहुधा ब्रेड, केळी आणि घरून आणलेल्या चिवड्यावर जातात. शाकाहारी असाल तर भीती आणखी मोठी, कारण इथल्या मांसाहाराच्या गोष्टी आधीच कानावर आलेल्या असतात. ही उपासमार करून घ्यायची काही गरज नाही. या शहरात वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस असे असतात, की कोपऱ्यावरच्या साध्या खानावळीतही सात-आठ प्रकारांचं, गरम, पूर्ण शाकाहारी ताट मिळतं. त्या ताटाचं नाव बेयाइनेतु.

एका मोठ्या थाळ्यात इंजेरा पसरलेला असतो. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या अतिशय बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेला, आंबोळीसारखा जाळीदार, एकाच बाजूने भाजलेला पातळ गोल. त्यावर डाळी, भाज्या, कोशिंबिरी यांचे छोटे छोटे ढीग घालतात. चमचा नाही, वाट्या नाहीत. बाजूला इंजेऱ्याच्या गुंडाळ्या येतात आणि त्याच्या तुकड्याने उचलून खायचं.

हे नीट जमायला एक क्रम आहे आणि तो उलटा केला की गोंधळ होतो. लोक आधी हॉटेल शोधतात. आधी कॅलेंडर बघायचं असतं.

१. आजचा दिवस कोणता ते आधी बघा

इथला ऑर्थोडॉक्स तेवाहेदो ख्रिस्ती समाज उपास अत्यंत निष्ठेने पाळतो. उपासाला म्हणतात त्सोम. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी, चीज यांतलं काहीही खायचं नाही. त्यामुळे त्या दिवशी खानावळींच्या चुलीवरच शाकाहारी स्वयंपाक असतो. तुमच्यासाठी कुणी वेगळं काही करत नाही; सगळं शहर तेच जेवत असतं. म्हणूनच ते चांगलं असतं.

लक्षात ठेवायचे दिवस असे:

- दर बुधवार आणि शुक्रवार. जवळजवळ वर्षभर.
- हुदादे, म्हणजे फसिकाच्या (इथल्या ईस्टरच्या) आधीचे ५५ दिवस. तारखा दरवर्षी बदलतात. २०२७ मध्ये फसिका २ मे रोजी आहे, म्हणजे हुदादे ८ मार्चला सुरू होईल.
- फिलसेता, ऑगस्टमध्ये साधारण ७ ते २१ तारखेपर्यंत. हा उपास लहान मुलंही हौसेने धरतात.
- गेनाच्या आधीचा उपास, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ७ जानेवारीच्या गेनापर्यंत. गेना म्हणजे इथला नाताळ.

उलट बाजूही माहीत हवी. फसिकानंतरचे पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारचाही उपास नसतो. त्या काळात उपासाचं ताट अनेक खानावळींतून गायब होतं. शाकाहारी माणसाने हे दिवस आधीच वहीत लिहून ठेवावेत आणि घरी डाळ-तांदूळ भरून ठेवावेत.

हुदादेत काटेकोर उपास करणारे दुपारी तीनपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. तुमच्या कार्यालयातले सहकारी असे असतील तर अकरा वाजता बिस्किटांचा पुडा फिरवू नका. ते नम्रपणे नाही म्हणतील, पण त्यांना अवघड वाटतं.

वेळेचं एक सांगून ठेवते. इथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे इथला एक, दुपारचे बारा म्हणजे सहा. कुणी "सहा वाजता जेवायला या" म्हटलं तर कोणत्या घड्याळाचे सहा, ते विचारून घ्या.

२. जागा निवडा

पर्यटकांसाठीच्या, नाचगाण्यांच्या मोठ्या हॉटेलांत बेयाइनेतु रोज मिळतं, उपास असो वा नसो. पाहुणे आले की तिथे जायला हरकत नाही. पण रोजच्या जेवणासाठी कार्यालयांच्या आसपासची, दुपारी साडेबाराला तुडुंब भरणारी साधी खानावळ शोधा. जिथे गर्दी आहे तिथे इंजेरा ताजा असतो आणि डाळ सकाळचीच असते. उपासाच्या दिवशी दुपारी एकच्या आत पोचा. दोननंतर दोन-तीन प्रकार संपलेले असतात आणि तेवढ्याच पैशांत रिकामं ताट मिळतं.

खाटकाचं दुकान जोडलेल्या खानावळी बऱ्याच आहेत. दारातच मांस टांगलेलं असतं. तिथलं उपासाचं ताट वेगळं शिजवलेलं असलं, तरी ज्यांना ते दृश्य सोसत नाही त्यांनी आधीच वेगळी जागा बघावी.

३. मागवताना एवढं बोला

अम्हारिक शिकायला वेळ लागतो, पण जेवणापुरते हे शब्द लगेच पाठ होतात:

- येत्सोम बेयाइनेतु अले? : उपासाचं बेयाइनेतु आहे का?
- सिगा अलबेलाम : मी मांस खात नाही.
- सिगा अलेबेत? : यात मांस आहे का?
- इंकुलाल : अंडं. दोरो : कोंबडी. किबे : लोणी. ज़ैत : तेल.
- ले-अंद सेव / ले-हुलेत सेव : एका माणसासाठी / दोघांसाठी.
- इंजेरा चिमारी : आणखी इंजेरा.
- बेक्का : पुरे.
- हिसाब : बिल.
- अमेसेगिनालेहु : आभारी आहे. लांबलचक आहे, पण नक्की शिका. ते ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत.

"येत्सोम" हा शब्द कधीही गाळू नका. नुसतं बेयाइनेतु म्हणालात आणि उपासाचा दिवस नसेल, तर थाळ्यावर मांसाचे प्रकारही येऊ शकतात. मांस आणि भाज्या एकत्र असलेल्या मोठ्या ताटाला काही ठिकाणी माहबेरावी म्हणतात; मेन्यूत ते नाव दिसलं तर शाकाहारी माणसाने पुढच्या ओळीकडे वळावं.

आणि "मी व्हेजिटेरियन आहे" हे वाक्य इथे फारसं चालत नाही. त्याने कोंबडी किंवा अंडं वगळलं जाईल याची खात्री नसते. "त्सोम" म्हटलं की स्वयंपाकघराला सगळं एका शब्दात कळतं.

दोघं-तिघं गेलात तर वेगवेगळी ताटं मागवू नका. माणसांची संख्या सांगा. एकच मोठा थाळा येतो आणि सगळ्यांनी त्यातच जेवायचं असतं. किमतीवर १५ टक्के व्हॅट आणि काही ठिकाणी सेवाशुल्क लागतं. ते मेन्यूतल्या दरात धरलं आहे की नाही, हे बसतानाच विचारा.

४. थाळ्यावर काय काय आहे ते ओळखा

प्रत्येक खानावळीची मांडणी वेगळी, पण नेहमीचे चेहरे हे:

मिसिर वोत: लाल, तिखट, दाट मसूर डाळ. वोत म्हणजे दाट कालवण. बर्बेरे नावाच्या मसाल्यात शिजवलेली. ताटाची परीक्षा हिच्यावरून करा. डाळ चांगली असेल तर बाकीचंही चांगलं असतं.

किक अलिचा: वाटाण्याची पिवळी डाळ, हळद घालून, तिखटाशिवाय. अलिचा म्हणजे सौम्य. लहान मुलांना इथून सुरुवात करून द्या.

शिरो: हरभरा किंवा बाकल्याच्या भाजक्या, मसालेदार पिठाचं दाट कालवण. इथलं सर्वांत लाडकं रोजचं अन्न. श्रीमंतापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे खातात. मातीच्या भांड्यात रटरटत येतं त्याला तेगाबिनो म्हणतात.

गोमेन: गडद हिरवी पालेभाजी, लसूण-आल्यात परतलेली. तिकिल गोमेन: कोबी, गाजर, बटाटा. फोसोलिया: फरसबी आणि गाजर. केय सिर: बीट, बहुधा बटाट्यासोबत. अझिफा: अख्खे मसूर शिजवून, गार करून, मोहरी-लिंबू-मिरची लावलेले. शिवाय टोमॅटो, कांदा, हिरवी मिरचीचं तिमातिम सलाड मध्यभागी असतं. काही ठिकाणी सुफ फितफित मिळतं: करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया वाटून काढलेल्या दुधात भिजवलेले इंजेऱ्याचे तुकडे. दिसलं तर सोडू नका.

मांसाहारी लोकांसाठी: दोरो वोत म्हणजे कोंबडी आणि उकडलेली अंडी, तासन्‌तास शिजवलेल्या कांद्याच्या रश्श्यात. सणाचं जेवण. तिब्स म्हणजे परतलेले मांसाचे तुकडे. कितफो हे गुरागे लोकांचं, मसालेदार लोण्यात कालवलेलं कच्चं गोमांस. ज्यांना ते खायचं आहे पण कच्चं नको, त्यांनी "येबेसेले", म्हणजे शिजवलेलं, असं सांगावं. "लेब्लेब" म्हटलं तर नुसतं गरम केलेलं येतं. कच्च्या गोमांसातून पट्टकृमी होण्याचा धोका इथे खरा आहे. माझा आग्रह शिजवलेल्याचाच. आणि नुसतं "सिगा" म्हटलं की बहुधा गोमांसच येतं. मेंढीला बेग, बकरीला फियेल म्हणतात. हवं ते नाव घेऊन मागा.

५. जेवायची रीत

हात आधी धुवायचे. चांगल्या जुन्या पद्धतीच्या ठिकाणी कुणीतरी तांब्यासारख्या भांड्यातून हातावर पाणी घालतं. उजव्या हातानेच जेवायचं; हे आपल्याला सांगायला नको.

गुंडाळीतून तळहाताएवढा तुकडा फाडा, तो ढिगावर टेकवा, बोटांनी चिमटीत गोळा करा, खा. बोटं शक्यतो कोरडी राहिली पाहिजेत. आपण भात कालवतो तसं थाळ्यावर कालवायचं नाही आणि दोन ढीग एकमेकांत मिसळायचे नाहीत. आपल्यासमोरच्या भागातून खायचं, पलीकडच्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही. बोटं चाटलेली इथे अजिबात चालत नाहीत.

घास थाळ्यावरून घ्या पण खालचा इंजेरा शेवटपर्यंत ठेवा. सगळे रस त्यात मुरलेले असतात. ताटाचा सर्वोत्तम भाग तोच आणि पोट भरलं म्हणून तो टाकून उठणं म्हणजे जेवण अर्धवट सोडणं.

गुर्शा. तुमचा यजमान किंवा मित्र एक मोठा घास करून थेट तुमच्या तोंडाजवळ आणेल. तोंड उघडा आणि खा. हा आदर आहे, माया आहे. मागे सरकलात तर त्याला लागतं. घास फार मोठा असतो, कारण लहान घास म्हणजे कंजूषपणा. ज्यांना उष्ट्याची शिकवण घट्ट आहे त्यांना सुरुवातीला जड जातं. तरी माझं सांगणं आहे की घ्या, आणि उलट तुम्हीही भरवा. या समाजात जवळ घेतलं जाण्याचा याहून सरळ रस्ता नाही. आजारी असाल किंवा काही वर्ज्य असेल तर घास यायच्या आधीच, जेवायला बसतानाच, सांगून टाका.

कुणी जेवत असताना तुम्ही तिथून गेलात तर ते "एन्निब्ला" म्हणतील, म्हणजे "या, जेवू या". अनोळखी माणूसही म्हणतो. दरवेळी बसायलाच हवं असं नाही; हसून आभार मानले तरी पुरतं. पण तुम्ही डबा उघडलात आणि शेजारी कुणी असेल, तर तुम्हीही म्हणा.

जेवणानंतर कॉफी असेल तर घाई नको. जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बेरेका. पहिल्या फेरीनंतर उठणं बरं दिसत नाही.

६. नवखे जिथे अडकतात

*बोझेना शिरो.* शिरो म्हणजे शाकाहारी, असं समजून मेन्यूतला कुठलाही शिरो मागवू नका. बोझेना शिरोत मांसाचे तुकडे असतात. साधा हवा असेल तर "येत्सोम शिरो" म्हणा.

*लोणी.* उपास नसलेल्या दिवशी शिरो, गोमेन किंवा डाळीत मसालेदार कढवलेलं लोणी पडू शकतं. आपल्यातल्या बहुतेकांना ते चालतं, आवडतंही. पण दूधही वर्ज्य असेल तर पुन्हा तोच शब्द: त्सोम.

*मासे.* बरेच जण काही उपासांत मासे खातात. त्यामुळे उपासाच्या मेन्यूत माशाचं नाव दिसलं तर दचकू नका. ते वेगळं मागवावं लागतं, बेयाइनेतुत आपोआप येत नाही. तरी विचारून घ्यावं. माशाला आसा म्हणतात.

*कांदा-लसूण.* जैन मंडळींना स्पष्ट सांगते, खानावळीतलं बेयाइनेतु तुमच्यासाठी नाही. इथल्या प्रत्येक वोताचा पायाच कांदा आहे आणि डाळी सकाळीच शिजवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे "याले शिंकुर्त" (कांद्याशिवाय) म्हणून काही साधत नाही. इंजेरा विकत आणा आणि वर घालायचं घरी करा.

*एकादशी.* हे उपासाचं ताट आहे म्हणून आषाढीला खाऊ नका. सगळी डाळ, धान्य आणि कांदाच आहे.

*पोट.* आंबवलेल्या टेफची पोटाला सवय व्हावी लागते. पहिल्या वेळी अर्धाच इंजेरा खा, आणि रात्रीऐवजी दुपारी. पोटात गेल्यावर तो फुगतो. "चिमारी" मागायच्या आधी दहा मिनिटं थांबा.

*गहू.* टेफमध्ये ग्लुटेन नसतं. पण टेफ महाग झालं की पिठात गहू, सातू (बार्ली), ज्वारी किंवा तांदूळ मिसळतात, परदेशातल्या खानावळींत तर फारच. सिलिअॅकचा त्रास असणाऱ्यांनी "नुसत्या टेफचा आहे ना?" हे विचारल्याशिवाय घास घेऊ नये.

७. घरी करायचं तर काय काय लागेल

महिन्याभरात तुम्हाला घरी करावंसं वाटेल. जरूर करा, कारण मसूर, हरभरा, वाटाणा, हळद, मेथी, ओवा हे सगळं इथे आहेच. फक्त कामाची रीत वेगळी आहे.

सामान आणायला शोला बाजार किंवा मर्कातो. मर्कातो अफाट आहे. पहिल्यांदा एखाद्या स्थानिक मैत्रिणीसोबत जा, पिशवी पुढे धरा, फोन आत ठेवा. मसाल्यांसाठी बाल्तेनाची दुकानं असतात, तिथे बर्बेरे आणि शिरोचं पीठ तयार मिळतं. धान्य दळायला गल्लोगल्ली वेफचो बेत, म्हणजे पिठाच्या गिरण्या आहेत.

चार माणसांसाठी:

- मोठे इंजेरे ५-६
- मसूर डाळ २०० ग्रॅम, वाटाण्याची पिवळी डाळ २०० ग्रॅम
- शिरोचं पीठ अर्धी ते पाऊण वाटी
- लाल कांदे दीड किलो. हो, दीड किलो.
- गोमेनच्या दोन जुड्या, अर्धा कोबी, ३ गाजरं, ३ बटाटे
- बर्बेरे ४-५ चमचे, हळद १ चमचा
- लसणाचे दोन गड्डे, आल्याचा मोठा तुकडा, हिरव्या मिरच्या, टोमॅटो, लिंबू
- तेल दीड वाटी

भांडी: जाड बुडाची दोन पातेली, लाकडी चमचा, प्रेशर कुकर, मोठा थाळा. कुकर घरून आणलाच असेल. नसेल तर मागवून घ्या. अदिस २,३०० मीटरहून उंचावर आहे, पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं आणि वाटाण्याची डाळ उघड्या पातेल्यात शिजायचं नाव घेत नाही.

बर्बेरे घेताना रंगावर जाऊ नका, वास घ्या. ताज्या बर्बेरेला मिरचीच्या मागून कोरेरिमाचा (इथल्या वेलचीचा), ओव्याचा, मेथीचा वास येतो. नुसता तिखट खकाणा उठत असेल तर तो जुना आहे. बऱ्याच ठिकाणी बर्बेरे आणि शिरोच्या पिठात मीठ आधीच असतं, म्हणून मीठ नेहमी शेवटी, चाखून. शिरोचं पीठ फार स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. त्यात गुआया, म्हणजे आपली लाखोळी, मिसळलेली असू शकते आणि ती सतत खाणं पायांसाठी घातक आहे. विदर्भातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

तेलाचं सांगायचं तर उपासाच्या स्वयंपाकाचं जुनं तेल नूगचं. नूग म्हणजे आपले कारळे, खुरासणी. मूळ या डोंगरांतलं पीक, आणि नाशिक-पालघरच्या डोंगराळ भागातही ते आजवर पेरलं जातं. चांगलं घाण्याचं नूग तेल मिळालं तर घ्याच, डाळीला त्याने वेगळीच खोली येते. नाहीतर सूर्यफुलाचं चालेल. शेंगदाण्याचं नको, त्याची चव पुढे पुढे करते.

८. कांदा आधी, बाकी सगळं नंतर

इथे घाई केली तर पुढचं काहीही वाचत नाही. मिसिर वोत असं करा:

कांदा अगदी बारीक चिरा, जवळजवळ लगदा. ४-५ मोठे कांदे २०० ग्रॅम डाळीला. जाड पातेल्यात तेल न घालता मध्यम आचेवर टाका आणि ढवळत राहा. त्याचं पाणी सुटेल, आटेल, कांदा मऊ होऊन गुलाबी-तपकिरी व्हायला लागेल. बुडाला लागला तर पाण्याचा हबका मारा. याला अर्धा तास तरी द्या. आपला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. जाऊ देऊ नका. तेलात तळलेला कांदा कुरकुरीत होतो, कोरडा परतलेला कांदा विरघळतो, आणि वोताला दाटपणा त्या विरघळण्यातूनच येतो. या पायाला कुलेत म्हणतात.

आता अर्धी वाटी तेल. दोन-तीन मिनिटांनी बर्बेरे ३ चमचे घाला, आच मंद करा, लगेच थोडं पाणी घाला. बर्बेरे जळला तर कडू होतो आणि तो कडवटपणा कशानेही जात नाही. पाणी आटलं की पुन्हा थोडं, असं दहा-पंधरा मिनिटं, तेल वर लाल दिसेपर्यंत. मग वाटलेलं लसूण-आलं. मग धुतलेली मसूर डाळ आणि चार वाट्या गरम पाणी. मंद आचेवर डाळ मऊ, दाट होईपर्यंत शिजवा. चमच्यावरून ओघळता कामा नये. पातळ वोत इंजेऱ्यातून खाली गळतं. शेवटी मीठ.

या जागी प्रत्येक मराठी हाताला मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी द्यावीशी वाटते, चिमूटभर गूळ घालावासा वाटतो, वर कोथिंबीर भुरभुरावीशी वाटते. यातलं काहीही करू नका. फोडणी दिलीत की ती आपली आमटी झाली. तीही चांगलीच, पण इंजेऱ्याच्या आंबटपणाशी तिचं जमत नाही.

किक अलिचाला हाच कांदा, पण बर्बेरे नाही. डाळ कुकरमध्ये आधी शिजवून घ्या, हळद घाला, वरून दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. हरभऱ्याची डाळ वापरू नका, ती तशी विरघळत नाही.

शिरोला पाव भाग कुलेत घ्या, थोडा बर्बेरे, तीन वाट्या पाणी. उकळी आली की पीठ भुरभुरत घाला, एका हाताने घोटत राहा. पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर. फुटक्या बुडबुड्यांतून तेल वर आलं की झाला. पिठाच्या दर्जाप्रमाणे पाणी कमी-जास्त लागतं.

कोबी-गाजर-बटाटा: कांदा, लसूण-आलं, हळद, तेल, झाकण ठेवून भाज्यांच्या स्वतःच्या पाण्यात शिजवा. गोमेन आधी उकडा, पिळा, चिरा, मग लसणावर परता. सलाड अगदी शेवटी, जेवायला बसताना.

कामाचा क्रम: आदल्या रात्री सगळा कांदा एकदमच कोरडा परतून ठेवा. सकाळी त्याचे भाग करून तीन पातेल्यांत वाटा. दोन तासांत ताट उभं राहतं.

९. इंजेरा विकत घ्या

निदान पहिलं वर्षभर. अदिसमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात रोज ताजा इंजेरा येतो, आणि घरोघरी करून विकणाऱ्या बायका आहेत. हात लावून बघा: मऊ, लवचिक, दुमडल्यावर न चिरणारा आणि वर सारख्या अंतरावर भोकं असलेला घ्या. त्या भोकांना डोळे म्हणतात आणि इंजेऱ्याची पारख डोळ्यांवरूनच होते. पांढऱ्या टेफचा महाग, लाल टेफचा जास्त चवदार आणि स्वस्त, दोन्हींचा मिश्र तो सेर्गेग्ना. मी लाल घेते.

तरीही करायचाच असेल तर थोडक्यात: टेफचं पीठ, पाणी आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं एर्शो, म्हणजे आधीच्या आंबवणातलं पिवळसर पाणी. दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर आलेलं काळपट पाणी ओतून टाका. थोडं पीठ वेगळं काढून पाण्यात घट्ट शिजवा; हे अबसित. ते गार करून परत मिसळा आणि बुडबुडे येईपर्यंत थांबा. अबसित गाळलं तर डोळे पडत नाहीत. मग तापलेल्या मितादवर, म्हणजे इंजेऱ्याच्या मोठ्या सपाट तव्यावर, बाहेरून आत गोल गोल ओता, डोळे उमटले की झाकण ठेवा, कडा सुटल्या की सेफेद नावाच्या विणलेल्या चटईवर उचला. उलटायचा नाही. गार झाल्याशिवाय एकावर एक रचायचे नाहीत, चिकटतात. विजेचा मिताद साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज खेचतो. भाड्याच्या घरातली वायरिंग ते झेलेल का, हे इलेक्ट्रिशियनला दाखवून मगच विकत घ्या.

पुण्या-मुंबईला परत गेल्यावर टेफ सहज मिळणार नाही. तेव्हा ज्वारी किंवा नाचणीचं पीठ आंबवून करा. ही तडजोड नाही. इथेही बऱ्याच भागांत ज्वारीचा (माशिला) आणि नाचणीचा (दागुसा) इंजेरा रोजच खातात, आणि नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतूनच आपल्याकडे आली आहे. वॉशिंग्टन, लंडन किंवा दुबईत असाल तर हबेशा (इथिओपिया-एरिट्रियाच्या लोकांच्या) दुकानांत इंजेरा तयार मिळतो. पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्या.

१०. मांडणी

थाळ्यावर एक इंजेरा डोळे वर करून पसरवा. लाल वोत आणि पिवळं वोत एकमेकांच्या समोरासमोर, मध्ये भाज्या, केंद्रात सलाड. तिखट शेजारी सौम्य असावं, म्हणजे प्रत्येकाच्या हातापाशी दोन्ही राहतं. ढीग लहान ठेवा आणि पातेली जवळ ठेवा, संपेल तसं वाढता येतं. बाकीचे इंजेरे चौथ्या भागात कापून, गुंडाळून बाजूला.

इथले पाहुणे येणार असतील तर दिवस पुन्हा तपासा. बुधवारी बोलावलंत आणि प्रेमाने पनीर केलंत, तर ते उपाशी राहतील.

११. उरलं तर

इंजेरा फ्रिजमध्ये कडक होतो आणि बाहेर तीन दिवसांत बुरशी धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडे करून उरलेल्या मिसिर वोतात थोडं पाणी घालून परता. हा फिरफिर, इथली नेहमीची न्याहारी. त्याहून जास्त उरला असेल तर तुकडे सुपात पसरून उन्हात खडखडीत वाळवा. याला दिर्कोश म्हणतात. हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकतो, प्रवासात नेता येतो आणि गरम रस्सा ओतला की काही मिनिटांत मऊ होतो. फसिकानंतरच्या त्या पन्नास दिवसांसाठी मी असा एक डबा भरूनच ठेवते.